साडेतीन हजार वस्तीच्या गावात नीरज चोप्रा येतो, मग अमरावती-अकोल्यात का नाही?

तारीख १८ जून २०२२. फिनलंडमधलं कुओर्ताने नावाचं गाव. पावसाने धावपट्टी ओली झालेली. नीरज चोप्राने पहिल्याच फेकीत ८६.६९ मीटर भाला टाकला. तिसऱ्या फेकीला त्याचा पाय घसरला आणि तो जमिनीवर आपटला. टीव्हीसमोर बसलेल्या भारतीयांच्या काळजात धस्स झालं. सुदैवाने तो उठला. पुढच्या फेकी त्याने केल्या नाहीत, पण पहिल्या फेकीच्या जोरावर स्पर्धा जिंकला.

दुसरा आला त्रिनिदादचा केशॉर्न वॉलकॉट, म्हणजे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा विजेता. तिसरा आला ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स, म्हणजे तेव्हाचा विश्वविजेता. नीरज स्वतः टोकियोचा सुवर्णविजेता.

आता कुओर्तानेची लोकसंख्या ऐका. सुमारे साडेतीन हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला आठवडी बाजार मिळाला तरी लोक खूश होतात.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात आपल्या वऱ्हाडाचं नावही जगभर गेलं होतं. अमरावती ते अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला होता. म्हणजे मनावर घेतलं तर वेळेत काम होतं, हे आपण दाखवलंय. पण आपल्या पोरांसोबत जगातला एखादा मोठा खेळाडू इथे येऊन उतरेल का, असं कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "काहून येईन बाप्पा तो इथं?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज तोच समजून घेऊ. मोठे खेळाडू छोट्या ठिकाणी नेमके कशासाठी जातात?

पहिलं कारण : पैसा, पण तो दोन प्रकारचा असतो

ॲथलेटिक्समध्ये क्रिकेटसारखा लिलाव नसतो. बहुतेक खेळाडूंची कमाई तीन ठिकाणांहून येते : बूट-कपड्यांच्या कंपनीचा करार, बक्षीस आणि नुसतं येण्याचं मानधन.

बक्षीस जाहीर असतं. २०२५ पासून डायमंड लीगच्या नेहमीच्या स्पर्धेत एक प्रकार जिंकला की १० हजार डॉलर मिळतात, काही निवडक प्रकारांत २० हजार. मानधन मात्र बंद दाराआड ठरतं. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्याला जास्त, बाकीच्यांना विमानाचं तिकीट आणि हॉटेलची खोली.

हे ठरवायला खेळाडूला थेट फोन जात नाही. स्पर्धेचा संचालक खेळाडूच्या एजंटशी बोलतो. एजंटकडे असे दहा-वीस खेळाडू असतात. त्यामुळे एका मोठ्या नावासोबत त्याच्याच हाताखालचे दोन नवखे खेळाडूही घ्या, अशी घासाघीस चालते. आयोजकही त्याला तयार असतात, कारण मैदान भरायचं असतं.

दुसरं कारण : गुण

हे कारण बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं, पण खेळाडूसाठी पैशाइतकंच महत्त्वाचं असतं.

पॅरिस ऑलिंपिकसाठी ॲथलेटिक्समध्ये दोन दरवाजे होते. एक म्हणजे ठरवून दिलेली वेळ किंवा अंतर गाठा. दुसरा म्हणजे जागतिक क्रमवारीत वर राहा. साधारण निम्म्या जागा पहिल्या दरवाजाने आणि निम्म्या दुसऱ्याने भरायच्या, असा हिशोब होता.

ही क्रमवारी बहुतेक प्रकारांत पाच चांगल्या कामगिऱ्यांच्या सरासरीवर ठरते. एका कामगिरीचे गुण दोन भागांत मिळतात. तुम्ही किती लांब फेकलं किंवा किती वेळात पळालात, हा पहिला भाग. तुमचा नंबर कितवा आला, हा दुसरा. आणि नंबराचे गुण स्पर्धेच्या श्रेणीप्रमाणे बदलतात. ए श्रेणीच्या स्पर्धेत पहिला आलात तर १४० गुण. सगळ्यात खालच्या एफ श्रेणीत पहिला आलात तर फक्त १५.

म्हणजे भाला तोच, अंतर तेच, घामही तेवढाच. पण १२५ गुणांचा फरक. त्यामुळे ज्या स्पर्धेला वर्ल्ड ॲथलेटिक्सची वरची श्रेणी आहे, तिथे खेळाडू कमी पैशातही जातो. आणि श्रेणी नसेल तर कितीही मोठा मंडप टाका, त्याच्या दृष्टीने ती सरावाची फेरी.

तिसरं कारण : जोड

हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आम दंगलीचं पत्रक आठवा. नुसतं 'भव्य दंगल' छापून माणसं जमत नाहीत. पहिल्या नंबरची कुस्ती कुणात आहे, हे बघून लोक गाडी काढतात. आणि पैलवानही समोर कोण आहे हे विचारूनच होकार देतो. फार हलका नको, कारण जिंकून नाव होत नाही.

धावण्यात तर जोड आणखी महत्त्वाची. एकटा माणूस घड्याळाशी पळून फार चांगली वेळ काढू शकत नाही. म्हणून मोठ्या शर्यतीत आयोजक पैसे देऊन 'पेसर' ठेवतात. पेसर ठरलेल्या वेगाने सुरुवातीचं अंतर ओढून नेतो आणि बाजूला होतो. मग खरी झुंज सुरू होते.

आणि जोड बाहेरून आणता येते, हे आपल्या शेजारीच दिसलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरला कुस्तीच्या आखाड्यात परदेशी मल्ल उतरले होते. जामनेर काही महानगर नाही.

चौथं कारण : तारीख आणि रस्ता

कुओर्तानेचं गुपित इथे आहे. त्या स्पर्धेच्या चारच दिवस आधी, १४ जूनला, फिनलंडमध्येच तुर्कू शहरात पावो नुर्मी स्पर्धा झाली होती. नीरज तिथे ८९.३० मीटर टाकून दुसरा आला होता. म्हणजे एका विमान तिकिटात दोन स्पर्धा. शिवाय कुओर्तानेत ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्र आहे आणि नीरज त्या काळात तिथेच सराव करत होता. खेळाडू आधीच गावात मुक्कामाला होता, स्पर्धा फक्त त्याच्या दारात भरवली गेली.

छोट्या ठिकाणी खेळाडू असाच येतो. मोठ्या स्पर्धेला जाताना किंवा तिथून परतताना. एस्टी जशी वाटेवरच्या फाट्यावर थांबते, तसं. फाटा वाटेवर हवा आणि एस्टीची वेळ आपल्याला माहीत हवी.

पाचवं कारण : भरवसा

पैसा जाहीर करणं सोपं, वेळेवर देणं अवघड. याचं सगळ्यात ताजं उदाहरण म्हणजे 'ग्रँड स्लॅम ट्रॅक'. अमेरिकेचा दिग्गज धावपटू मायकल जॉन्सनने ही लीग सुरू केली. एप्रिल २०२५ मध्ये पहिली फेरी जमैकातल्या किंग्स्टनला झाली. गटविजेत्याला एक लाख डॉलर, असा गाजावाजा होता. जगातले मोठमोठे धावपटू आले. पण पुढे पैसे थकले, लॉस एंजेलिसची शेवटची फेरी रद्द झाली आणि वर्ष संपता संपता लीगने दिवाळखोरीचा अर्ज केला.

खेळाडूंचं जग लहान आहे. एकदा बक्षीस थकलं की सगळ्या एजंटांना कळतं. उलट एखादं गाव दरवर्षी कमी पैसे देत असेल, पण वेळेवर देत असेल, तर तिथे लोक परत येतात.

छोटी गावं, मोठे विक्रम

ऑस्ट्रियातलं गोट्झिस बघा. वस्ती अकरा-बारा हजार. १९७५ पासून तिथे दरवर्षी फक्त डेकॅथलॉन आणि हेप्टॅथलॉन होतात. शंभर मीटर नाही, रिले नाही. डेकॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत दहा प्रकार. शरीर इतकं पिळून निघतं की खेळाडू वर्षातून दोन-तीनदाच ते करू शकतो. त्यामुळे त्यांच्यासाठी चांगल्या स्पर्धा मोजक्याच असतात. गोट्झिसने नेमकी ती जागा धरली. २००१ मध्ये रोमन शेब्रले याने तिथेच ९०२६ गुण केले. नऊ हजारांचा टप्पा ओलांडणारा तो जगातला पहिला माणूस. कॅनडाचा ऑलिंपिक विजेता डेमियन वॉर्नर तिथे आठ वेळा जिंकलाय.

जर्मनीतलं एबरश्टाट तर आणखी लहान, द्राक्षमळ्यांमधलं काही हजार वस्तीचं गाव. तिथे फक्त उंच उडीची स्पर्धा व्हायची. १९८४ मध्ये चीनच्या झू जियानहुआने तिथे २.३९ मीटर उडी मारली आणि तो जागतिक विक्रम ठरला.

चेक प्रजासत्ताकातलं पोद्येब्राडी हे चौदा-पंधरा हजार वस्तीचं गाव. तिथे चालण्याच्या शर्यती होतात. २०१७, २०२१ आणि २०२३ ची युरोपियन सांघिक स्पर्धा याच गावात झाली.

तिन्ही गावांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी सगळं करायचा हट्ट धरला नाही. एक प्रकार निवडला आणि वर्षानुवर्षं तोच केला.

आता देशांकडे या. जमैकाची लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या अमरावती जिल्ह्याएवढी. अँडरसन पीटर्सच्या ग्रेनाडाची लोकसंख्या साधारण आपल्या अचलपूर शहराएवढी. बोट्सवाना साधारण २५ लाखांच्या आसपास. पण २०२३ मध्ये राजधानी गॅबोरोनला सुवर्ण दर्जाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढच्याच वर्षी त्यांचा लेत्सिले तेबोगो पॅरिसमध्ये २०० मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला आणि २०२६ ची जागतिक रिले स्पर्धाही गॅबोरोनलाच देण्यात आली. घरचा तारा आणि घरची स्पर्धा एकमेकांना मोठं करतात, असं तिथे दिसतं.

भारतात काय झालंय?

आपल्याकडचं एक ठळक उदाहरण म्हणजे मुंबई मॅरेथॉन. २००४ मध्ये सुरू झाली, आता जानेवारीत होते. इथिओपिया-केनियाचे धावपटू दरवर्षी येतात, कारण मुंबईत बक्षीस दणदणीत आहे. २०२५ मध्ये विजेत्याला ५० हजार डॉलर होते, म्हणजे ४० लाख रुपयांहून जास्त. स्पर्धेचा विक्रम मोडला तर वेगळा बोनस. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा स्पर्धा विक्रम केला, तो असाच.

५ जुलै २०२५ ला बेंगळुरूत नीरज चोप्रा क्लासिक झाली. ए श्रेणीची, फक्त भालाफेकीची. केनियाचा ज्युलियस येगो आला, जर्मनीचा माजी ऑलिंपिक विजेता थॉमस रोहलर आला. नीरज ८६.१८ मीटरवर जिंकला. पण त्यामागची धावपळही लक्षात ठेवा. स्पर्धा मुळात २४ मे रोजी पंचकुलाला ठरली होती. तिथले दिवे प्रक्षेपणासाठी पुरेसे नव्हते, म्हणून बेंगळुरूला हलवली. मग भारत-पाकिस्तान तणावामुळे पुढे ढकलली. नीरजचं नाव पाठीशी असतानाही एवढी कसरत.

पुढच्याच महिन्यात, १० ऑगस्टला, भुवनेश्वरला कांस्य दर्जाची कॉन्टिनेंटल टूर स्पर्धा झाली. तिथे परदेशी खेळाडू मोजके होते, पण आपल्या पोरांना क्रमवारीचे गुण घरच्या मैदानावर मिळाले.

आता वऱ्हाडाचा हिशोब मांडू

जमेची बाजू आधी. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. म्हणजे अमरावतीची माणसं ऑलिंपिकला जाऊन आली, त्याला आता नव्वद वर्षं होतील. शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय असल्याने शिट्टी, टेप आणि झेंडा हातात धरता येणारी शेकडो पोरं-पोरी इथे तयार आहेत. पोद्येब्राडी असो की गोट्झिस, गावाच्या स्पर्धा स्वयंसेवकांवरच चालतात.

दुसरी जमेची बाजू सवयीची. तळेगाव दशासरचा शंकरपट बघा. ठरलेला हंगाम, ठरलेलं मैदान, नाव झालेलं बक्षीस. लांबलांबून जोड्या येतात. स्पर्धेचं नाव वर्षानुवर्षांच्या सातत्याने होतं, हे इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

आता उणी बाजू.

एक, हवामान. जगाचा मैदानी हंगाम मे ते सप्टेंबर. तेव्हा अकोल्यात आधी ऊन जीव घेतं आणि मग पाऊस सुरू होतो. आपल्याकडे स्पर्धेला लायक महिने डिसेंबर ते फेब्रुवारी.

दोन, रस्ता. बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाली, ही चांगली गोष्ट. पण छोट्या विमानात पोल व्हॉल्टवाल्याचे पाच मीटर लांब पोल नेता येत नाहीत. अकोल्याला तर प्रवासी विमानच नाही. मात्र रेल्वेच्या मुंबई-हावडा मार्गावर बडनेरा आणि अकोला दोन्ही आहेत.

तीन, कागदपत्रं. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाची परवानगी, वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या कॅलेंडरवर नोंद, प्रमाणित मार्ग, परीक्षा दिलेले पंच, उत्तेजक चाचणीची सोय, खेळाडूंचे व्हिसा. यातलं एकही राहिलं तर गुण नाहीत.

चार, कर. परदेशी खेळाडूच्या इथल्या कमाईवर २० टक्के आयकर आणि वर अधिभार-उपकर कापला जातो. हे आधी सांगितलं नाही तर बक्षीस हातात पडल्यावर भांडण ठरलेलं.

मग जमेल असं काय?

शंभर मीटरचे स्टार आणायचं स्वप्न बाजूला ठेवा. त्याला मानधन, मैदान आणि उन्हाळी तारीख तिन्ही लागतात, आणि तिन्हीत आपण मागे आहोत.

आमच्या मते सगळ्यात जवळची वाट रस्त्यावरच्या शर्यतीची आहे. त्यातही चालण्याची शर्यत. हसू नका. यात भारत कमी नाही. प्रियांका गोस्वामीने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर चालण्यात रौप्यपदक मिळवलंय.

या शर्यतीला स्टेडियम लागत नाही. एक ते दोन किलोमीटरचा सपाट, गुळगुळीत, वाहतूक बंद करता येईल असा रस्ता लागतो. त्यावर खेळाडू फेऱ्या मारतात आणि पंच त्यांच्या पायांवर नजर ठेवतात : एक पाय कायम जमिनीला टेकलेला दिसायला हवा आणि पुढचा गुडघा सरळ. प्रेक्षकाला तोच खेळाडू दर काही मिनिटांनी समोर दिसतो. जानेवारीतली वऱ्हाडातली पहाट यासाठी उत्तम. शिवाय २०२६ पासून मोठ्या स्पर्धांत चालण्याची अंतरं बदलून हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉनएवढी झाली आहेत. नव्या अंतरावर सगळ्यांनाच नव्याने वेळ नोंदवायची आहे, म्हणजे सगळ्यांनाच स्पर्धा हव्या आहेत. दार उघडं असतं ते अशा वेळी.

दुसरा पर्याय दहा किलोमीटरच्या धावण्याचा. त्याचा मार्ग मोजणारा माणूस सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून जातो आणि अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतो. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा उतारही किलोमीटरला सरासरी एका मीटरपेक्षा जास्त चालत नाही. एवढं केलं तर तिथली वेळ जगात ग्राह्य धरली जाते.

पहिल्या वर्षी जगातला अव्वल येणार नाही. श्रीलंकेचा, नेपाळचा, मलेशियाचा कुणी येईल, आणि भारतातले पहिले दहा येतील. चौथ्या-पाचव्या वर्षी, बक्षीस वेळेवर मिळतं हे कळल्यावर, एखादा जपानी किंवा इथिओपियन येईल. गोट्झिसलाही नाव व्हायला वेळ लागला होता.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं उदाहरण घ्या. ३००० मीटर स्टीपलचेसमधला त्याचा ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम जुलै २०२४ मध्ये झाला तो पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये. मैदान पॅरिसचं आणि जोडही तिथलीच, कारण त्या ताकदीची जोड भारतात मिळत नाही. साबळे तिथवर पोचला, कारण सैन्य आणि महासंघ पाठीशी होते.

मेळघाटातल्या, बाळापूरच्या, दर्यापूरच्या ज्या पोरीला पाठबळ नाही, तिने काय करायचं? तिने पासपोर्ट काढून, तिकिटाला कर्ज काढून युरोपात गुण शोधायचे का? तिच्या गावापासून दोन तासांवर वर्षातून एकदा जरी गुण देणारी शर्यत झाली, तर तोच फरक भाड्याच्या पैशात पडतो. शिवाय जगातल्या चांगल्या खेळाडूच्या मागे पन्नास मीटरवर पळताना तिला जे कळेल, ते कुठल्या व्हिडिओत कळत नाही.

म्हणून मोठा खेळाडू आणायचा तो उद्घाटनाच्या फोटोसाठी नको. तो आपल्या पोरांच्या शेजारी सुरुवातीच्या रेषेवर उभा राहायला हवा. आणि त्यासाठी पहिलं काम अगदी साधं आहे : एक तारीख ठरवायची आणि पुढची दहा वर्षं ती चुकवायची नाही.

तुमच्या गावात असा कुठला रस्ता आहे, जिथे ही शर्यत होऊ शकेल? कमेंटमध्ये सांगा.